हायमास्ट नको, टाकं साफ करा: सड्यावरच्या मुक्कामासाठी एक खुलं पत्र

मा. अधिकारी महोदय,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमच्या कार्यालयाचं नाव घालत नाही आणि डोंगराचंही घालत नाही. खुर्चीवरची माणसं बदलत राहतात, माझं भांडण त्यांतल्या कुणा एकाशी नाही. आणि डोंगराचं नाव एकदा कुठं छापून आलं की पुढच्या शनिवारी पायथ्याला गाडी लावायला जागा उरत नाही, हे मी पाहिलं आहे. तुम्हाला जागा ओळखता येईल. सातारा जिल्हा, जावळी तालुका, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या बाजूला उतरत जाणारा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळाचा माळ. खालच्या वाडीतून दोन तासांची चढण. वर देवीचं पत्र्याचं देऊळ, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, एक जुना उंबर आणि तंबू लावण्यासाठी दगड रचून आखलेल्या नऊ जागा. वीज नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही.

गेल्या महिन्यात वाडीच्या थांब्याजवळ नवा फलक लागला. वरपर्यंत डांबरी रस्ता, पेव्हर ब्लॉकचा वाहनतळ, चाळीस स्विस टेंट, जनरेटर आणि मधोमध हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, अशी कामं त्यावर लिहिली आहेत. सगळं ठेक्यानं चालवायला देणार. हरकत घ्यायची तर कुठं आणि कधीपर्यंत, ते मात्र फलकावर नाही. वाडीतल्या लोकांनाही कुणी विचारलेलं नाही. म्हणून माझी हरकत मी सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं. या सड्यावर पहिली रात्र काढली ती जानेवारी १९९३ मध्ये, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तंबू नव्हता. देवळाच्या ओसरीवर घोंगडी अंथरली होती, आणि वाडीतल्या मावशींनी फडक्यात बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकरी, झुणका आणि कांदा एवढं जेवण होतं. रात्री वारा असा सुटला की पत्रा उडून जातो की काय असं वाटलं. पहाटे दहिवरानं घोंगडी ओली झाली होती. तरी उठून बसले तेव्हा खाली सगळं खोरं धुक्यानं भरलेलं आणि त्यातून डोंगरांचे नुसते माथे वर आलेले दिसले. पुढच्या वर्षी परत आलो. १९९६ पासून दर पौषात, अमावास्येच्या जवळचा शनिवार बघून, सहावी-सातवीची मुलं घेऊन येत राहिले. हे गेल्यावरही यायचं थांबवलं नाही. उलट त्या वर्षी जास्तच आले.

मुलांना इथं का आणायचं, हे पालकांना दरवर्षी समजावून सांगावं लागे. साताऱ्यातल्या मुलाला अंधार म्हणजे लाईट गेलेली एवढंच माहीत. एका वर्षी सातवीतली एक मुलगी रात्री माझ्या शेजारी बसून म्हणाली, "बाई, एवढं आभाळ निरभ्र आहे, मग हा एक ढग हलत का नाही?" मृग नक्षत्राच्या बाजूनं वर गेलेला पांढरट पट्टा तिनं ढग समजून पाहिला होता. ती आकाशगंगा आहे म्हटल्यावर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. आज ती मुलगी नोकरीला लागली आहे, आणि अजून भेटली की त्या ढगाची आठवण काढते. तंबूची खुंटी कातळात जात नाही, म्हणून दोरी दगडाला कशी बांधायची, तो दगड सकाळी जसाच्या तसा पालथा का ठेवायचा, एका घागरीत दहा जणांची भांडी कशी निघतात, हे मी फळ्यावर शिकवू शकले नसते. दगडाचं म्हणाल तर सड्यावरच्या सुट्या दगडांखाली विंचू असतात, पाली असतात, पावसाळ्यात देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला प्राणी) सापडतं. दगड उलटा टाकला की त्यांचं घर मोडतं. हे मुलांना एकदा दाखवलं की ती आयुष्यभर विसरत नाहीत.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यांत मोठी पाण्याची. तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण फलकावरच्या कामांत पाण्याचा शब्द नाही.

सड्याच्या डोक्यावर जांभा दगड आहे. कास, पाचगणी, महाबळेश्वर सगळीकडे माथ्यावर हाच तांबडा, भोकाभोकांचा दगड. त्याच्या खाली चिकट मातीसारखा थर आणि त्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं, चिकट थरापाशी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. वाडीतल्या दोन्ही झऱ्यांचं पाणी असं सड्यावरनं येतं. हे समजायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. वाडीतल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, वरचा पाऊस संपल्यावर खालचा झरा किती महिने चालतो ते तो सांगेल. म्हणजे सड्यावर जे सांडेल ते वाडीच्या हंड्यात उतरणार.

आणि याच सड्यावर, टाक्याच्या वरच्या अंगाला, जेमतेम तीस पावलांवर, २०१७ साली स्वच्छतागृह बांधलं गेलं. खाली शोषखड्डा, म्हणजे घाण पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा. जांभ्यात शोषखड्डा! मी तेव्हाच वाडीतल्या लोकांबरोबर जाऊन सांगितलं होतं की जागा चुकते आहे, उतार टाक्याकडे आहे. आराखडा मंजूर आहे, आता बदलता येत नाही, असं उत्तर मिळालं. बांधकाम झालं, पाण्याची टाकी बसवली, पण टाकीत पाणी चढवायची सोय केली नाही. वर्षभर लोकांनी तसंच वापरलं, मग एक दिवस दाराला कुलूप लागलं. तेव्हापासून येणारा जाणारा त्या इमारतीच्या मागं बसतो. पहिल्या पावसात ते सगळं कुठं जातं, हे सांगायला नको.

जानेवारी २०१९ मध्ये माझ्या तुकडीतल्या एका मुलीला रात्री दोन वाजता उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आम्ही पिण्याचं पाणी गाळून, उकळून ठेवलं होतं. पण ही संध्याकाळी खेळून आली आणि टाक्यावर ओंजळ लावून पाणी प्यायली. का प्यायली? कारण मी वर्गात सांगितलं होतं, या टाक्याचं पाणी शेकडो वर्षं लोक पीत आले आहेत. रात्रभर तिला मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं. उजाडताच वाडीतल्या दोन मुलांनी घोंगडीची झोळी केली आणि तिला खाली आणलं. तालुक्याला सलाईन लागलं, ती बरी झाली. तिची आई मला एक शब्दही लागेलसा बोलली नाही. त्या बाईसमोर उभी राहताना मला काय वाटलं ते इथं लिहिता येत नाही. त्या वर्षीपासून आम्ही पाणी खालूनच कॅनमधून चढवतो, आणि मुलांना टाक्याकडे बोट दाखवून सांगतो की याला हात लावू नका. ज्या टाक्यासाठी हा मुक्काम इथं वसला त्याच्याबद्दल मुलांना असं सांगावं लागतं.

त्याच महिन्यात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं टाक्याचा आणि खालच्या झऱ्याचा नमुना घेतला. दोन्हींचा अहवाल आला: पिण्यास अयोग्य. वाडीतली माणसं झऱ्याच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून पितात. मी तीन अर्ज केले. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही.

खड्डा खणून वर माती ओढायची, हा डोंगरात राहण्याचा जुना नियम. पाण्यापासून सत्तर पावलं लांब, वीतभर खोल. पण सड्यावर वीतभर माती आहेच कुठं? बोटभर मातीखाली दगड लागतो. त्या बोटभर मातीतच पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद आणि कवळ्याची फुलं येतात. म्हणून इथं कोरडा संडासच हवा. राख आणि लाकडाचा भुसा टाकायचा, खाली बंद पेटी, आणि भरलेली पेटी उचलून जिथं माती आहे तिथं, उताराच्या पलीकडे नेऊन मुरवायची. हे काम कमी पैशात होतं. यात पाणी लागत नाही, म्हणजे पंप लागत नाही, म्हणजे जनरेटर लागत नाही. आणि चाळीस तंबूंना स्वतंत्र न्हाणीघर दिलं तर रोजचं ते सांडपाणी कुठं सोडणार आहात? या एका प्रश्नाचं लेखी उत्तर मला द्या. बाकी सगळं बाजूला ठेवते.

मुलींच्या बाजूनंही हे सांगायचं आहे. तुकडी ठरली की मुली पहिला प्रश्न हाच विचारतात, "बाई, तिथं बाथरूमला कुठं जायचं?" मुलगे विचारत नाहीत. किती तरी मुली या एका कारणानं आल्या नाहीत. काहीजणी आल्या आणि दुपारपासून पाणीच प्यायल्या नाहीत. म्हणून सड्यावर काहीच नको असं माझं म्हणणं नाही. आडोसा असलेला, आतून कडी लागणारा, चालू संडास हवाच. तो कुलपात नको आणि टाक्याच्या डोक्यावर नको.

दुसरी तक्रार शनिवारच्या रात्रींची. सहा-सात वर्षांत पुण्यामुंबईकडून माणसं आणणारे आयोजक वाढले. त्यांतले काही फार चांगले आहेत. कचरा पोत्यात भरून खाली नेतात, वाडीत जेवण सांगतात, तरुण मुलांना वाटाड्या म्हणून पैसे देतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नऊ तंबूंच्या जागेवर दीडशे माणूस आलेला मी मोजला आहे. पाठीवर स्पीकर, पहाटेपर्यंत गाणी. शेकोटीसाठी उंबराची ओली फांदी तोडलेली. उरलेला भात आणि कोंबडीची हाडं कातळावर. त्या अन्नाला रानडुकरं येतात, वाडीतली कुत्री वर चढतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. हा क्रम वाडीच्या लोकांनी मला सांगितला, आणि एका सकाळी टाक्याशेजारच्या चिखलात उठलेल्या खुणा मीही पाहिल्या. गवळी धनगरांच्या वाड्यातले मामा म्हणाले, "पूर्वी जनावर आम्हाला भिऊन लांब राहायचं, आता वास काढत येतं." मामांचं म्हणणं मला पटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत अशाच एका शेकोटीनं सडा पेटला. वाळलेलं गवत आणि वारा. अर्धा उतार रात्रीत काळा झाला. वाडीतली बायामाणसं ओल्या फांद्यांनी झोडपत पहाटेपर्यंत आग विझवत होती. शेकोटी पेटवणारे तोवर गाड्या काढून गेले होते. जळालेलं गवत जनावरांच्या पोटाचं होतं. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढायची असते, ती त्या वर्षी काढलेली नव्हती. नंतरच्या वर्षीही नाही. नुकसानीचा पंचनामा झाला की नाही, हे वाडीत कुणालाच माहीत नाही.

यावर नोंदणी हा साधा उपाय आहे. वर कोण गेलं, किती जण, उतरले की नाही, याची वही आज कुठंच नाही. एखादा कड्याकडे चुकला तर शोधायचं कुणाला, हेच कळणार नाही. १०८ ला फोन लावायचा तर अर्धा तास उतरून खिंडीत यावं लागतं, तिथं थोडी रेंज येते. ती खिंडीची जागा दाखवणारी साधी पाटीही वर नाही.

आता हायमास्टबद्दल. कागदावर तो सुरक्षिततेसाठी आहे. पण डोंगरावर चालताना पायाखालचं दिसायला हेडटॉर्च पुरते, आणि उंच खांबावरचा दिवा माणसाचे डोळे दिपवून कडा दिसेनासा करतो. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळवानंतर, उताराच्या झाडीत काजवे येतात. काजव्याचा उजेड म्हणजे नरानं मादीला घातलेली साद असते. वर झगझगीत दिवा असला की ती साद पोचत नाही आणि पुढची पिढी कमी होते. रातवा पक्ष्याचं, घुबडाचंही तेच. आपल्याच राज्यात, विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तिथं दिवे झाकले, त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. एकाच राज्यात एका जंगलाला अंधार राखला म्हणून मान मिळतो, आणि आमच्या सड्यावर जो अंधार आयता आहे तो घालवायला तुम्ही खर्च करणार आहात. कृपा करून हे काम कागदावरच थांबवा.

रस्त्याविषयी मला जपून लिहायचं आहे, कारण रस्ता नको म्हणणं साताऱ्यात घर असलेल्या बाईला सोपं आहे. वाडीला रस्ता हवा आहे आणि तो मिळालाच पाहिजे. आज मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंतचा शेवटचा तुकडा पावसात वाहून जातो. बाळंतपणाला निघालेल्या बाईला डालग्यातून नेलेलं मी ऐकलं आहे, आजारी म्हाताऱ्याला झोळीतून नेताना पाहिलं आहे. ह्या खोऱ्यातल्या लोकांनी कोयना धरणासाठी घरं, खाचरं, देवळं आणि जुन्या वाटा दिल्या. कित्येक कुटुंबं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली. जे डोंगराला चिकटून मागं राहिले, त्यांच्या दारापर्यंत वीज आणि डांबर पोचवायला दिरंगाई होते, आणि त्यांच्या डोक्यावरच्या सड्यापर्यंत मात्र रस्त्याची आखणी झाली आहे. तो पैसा वाडीच्या रस्त्याला लावा. वाडीच्या पुढं माणूस पायी जाईल. दोन तासांची चढण हीच या जागेची राखण आहे. गाडी वर पोचली की बर्फाच्या पेट्या आणि मोठे स्पीकर पोचतात, पाठीवर ते चढत नाहीत.

वाडीतल्या तरुणांना रोजगार मिळेल, असं फलकाचं समर्थन करणारे म्हणतात. मला त्यांच्या पोरांची काळजी त्यांच्याइतकीच आहे, त्यांतली काही माझी विद्यार्थी आहेत. पण ठेका घेणारा बाहेरचा असेल तर त्यांच्या वाट्याला येतं झाडू मारणं आणि पाणी वाहणं. आज शनिवारी वाडीतल्या सात घरांतून भाकरी-पिठलं जातं, मुलं वाट दाखवायला जातात, मावशी तांदूळ आणि मध विकतात. हे उत्पन्न थोडं आहे, मान्य. ते वाढवायचं कसं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासचं फुलांचं पठार आलं. तिथं हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, आणि शुल्क गोळा करण्यापासून वाट दाखवण्यापर्यंत आजूबाजूच्या गावांच्या समित्या काम करतात. कासच्या गर्दीबद्दल तक्रारी आहेत, मलाही आहेत. पण निदान मर्यादा घालता येते आणि पैसा गावात राहतो, एवढं तिथं सिद्ध झालं आहे. आमचा सडा कासच्या तुलनेत मूठभर. त्याचा आकडाही मूठभरच हवा.

काहीजण याच्या उलट टोकाला जातात. एवढा त्रास असेल तर मुक्कामच बंद करा, असं तुमच्या कार्यालयात मला एकदा सुचवलं गेलं. वासोटा किल्ल्यावर मुक्काम बंद झाला तेव्हा मला वाईट वाटलं, तरी मी ती बंदी मान्य केली. तो किल्ला कोयना अभयारण्यात आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, वाघाच्या घरात रात्री माणसानं राहू नये हे बरोबर आहे. बामणोलीतून बोटीनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, हे मी मुलांना पटवून सांगते. पण आमचा सडा त्या हद्दीत नाही. इथं धनगरांचे वाडे पिढ्यान् पिढ्या आहेत, देवीच्या जागराला सगळी वाडी रात्रभर वर असते. आणि बंदीचा फलक लावून, राखणदार न ठेवता निघून गेलात, तर माझ्यासारख्या नियम पाळणाऱ्या घरी बसतील आणि शेकोटीवाले येतच राहतील. शिवाय साताऱ्यातल्या मुलांनी मग रात्र कुठं बघायची? जिल्ह्यातल्या किती गडांवर आज आमच्यासारख्या शाळेला परवानगीनं, स्वच्छ पाण्यानं, सुरक्षित राहता येतं, हे एकदा तुम्ही स्वतः मोजून पाहा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फलकावरची कामं थांबवा, आणि पुढचा कोणताही आराखडा करण्याआधी वाडीत ग्रामसभा घ्या. सभा तालुक्याला नको, वाडीतच घ्या, आणि भातलावणीच्या दिवसांत घेऊ नका.

या उन्हाळ्यात, पावसाच्या आत, टाक्यातला गाळ काढा. टाक्याच्या वरचा शोषखड्डा उपसून कायमचा बुजवा. झऱ्याचं आणि टाक्याचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा, आणि अहवाल देवळाच्या भिंतीवर लावा, म्हणजे येणारा प्रत्येक जण वाचेल.

उताराच्या पलीकडे, उंबराच्या मागं, दोन कोरडे संडास बांधा. पेट्या उचलण्याचं काम ज्याला द्याल त्याला दरमहा वेळेवर पैसे द्या. हे काम कमी प्रतीचं मानून फुकट करून घेऊ नका.

तंबूंच्या जागा नऊच राहू द्या आणि एका रात्री जास्तीत जास्त चाळीस माणसं. नोंदणी वाडीत, वहीवर, वाडीतल्या माणसाच्या हातानं. त्यातून येणारं शुल्क गावाच्या खात्यात. पावसाळ्याचे चार महिने सड्याला विश्रांती. स्पीकर आणि जनरेटरला पूर्ण मनाई. शेकोटी फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत बंद, आणि एरवी देवळाशेजारच्या एकाच दगडी चुलीत, खालून आणलेल्या लाकडावर. शाळांच्या तुकड्यांना वर्षातल्या काही रात्री राखून ठेवा.

जाळरेषा दरवर्षी जानेवारीत. खिंडीत रेंजची पाटी, देवळात प्रथमोपचाराची पेटी आणि एक दुमडता येणारं स्ट्रेचर.

आणि वाडीपर्यंतचा रस्ता.

यातल्या कुठल्याही कामाला नवा कायदा लागत नाही. सगळं मिळूनही खर्च एका डांबरी घाटरस्त्याच्या जवळपास जाणार नाही, हे तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला हिशोबातलं जे कळलं नसेल ते त्यांनी मला समजावून सांगावं. मी ऐकायला येईन.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही टाक्याभोवतीची जागा साफ करायला वर जाणार आहोत. माझे जुने विद्यार्थी, वाडीतली माणसं आणि दोन चांगले आयोजक, अशी पंचवीस-तीस जणांची तयारी झाली आहे. घमेली, खोरी, पोती आमची आम्ही नेतो. जेवण मावशींकडे सांगितलं आहे, तुमच्या माणसांची पानं त्यात धरली आहेत. तुमच्याकडून त्या दिवशी एकच गोष्ट हवी: स्वच्छतागृहाच्या कुलपाची किल्ली घेऊन एखाद्या जबाबदार कर्मचाऱ्याला सकाळी सात वाजता वाडीच्या थांब्यावर पाठवा. आत काय साचलं आहे आणि शोषखड्डा कुठवर पाझरतो आहे, हे आपण सगळे मिळून एकदा उघडून पाहू.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा